मदत हवी आहे: १९५१ ची शेवरले पिकअप, केबिनचा फ्लोअर गेलाय

नमस्कार मंडळी, आजोबांची शेवरले ३१०० आहे, १९५१ ची, राइट हँड म्हणजे स्टिअरिंग उजवीकडं. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता ना, १९५४ ला बंद झाला, त्या काळातली गाडी. वीसेक वर्षं गुऱ्हाळाच्या छपरात उभी होती. इंजिन उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी चालू करून दिलं, आता केबिन आतून करायला घेतली आणि तिथंच गाडी अडली.

बॉनेटच्या मागं हवेसाठी झडप असते तिचं रबर गेलेलं, सगळा पाऊस त्यातनं आत. मॅट उचलली तर खालचं पॅडिंग कुजलेलं आणि ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा पापडासारखा हातात आला, भोकातनं खाली बसलेली कोंबडी दिसली, खोटं नाही सांगत.

डेंटर म्हणतो सगळा फ्लोअर कापून सपाट पत्रा मारू. पण मूळ पत्र्याला खाचा आहेत आणि मला पुढं व्हिंटेजमध्ये (जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी) नोंद करायचीय, २०२१ च्या नियमात बॉडी शेलला मोठा बदल चालत नाही, म्हणून जमेल तेवढं मूळ ठेवायचंय. दुसरं, या मॉडेलला पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागं. डेंटर म्हणतो रिकामी आहे, वेल्डिंग करताना राहू दे, वर ओलं गोणपाट टाकतो. मला काय धीर होईना.

आणि मॅट कुठली घ्यायची? अमेरिकेतनं मागवायला बघितली तर पेडलची भोकं सगळी डाव्या बाजूला!

प्रतिसाद
भाऊ आधी टाकी बाहेर काढा, मग बाकीचं बोलू. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते, ठिणगी पडली की संपलं. टाकी, सीट, बॅटरी तिन्ही बाहेर, मगच वेल्डिंग.

फ्लोअर सगळा कापू नका. टोच्यानं ठोकून बघा, जिथं टोच्या आत जात नाही तो पत्रा ठेवायचा. बाकी ठिकाणी १८ गेज जाडीच्या पत्र्याचे तुकडे, आणि खाचा पाडायचं हातानं फिरवायचं मशीन असतं, बस बॉडी बांधणाऱ्यांकडं विचारा. कापायच्या आधी दोन्ही दारांच्या मधे आडवा पाइप टाका नाहीतर केबिन वाकते आणि मग दारं लागत नाहीत (माझी नाही लागली).

मॅट विकत घेऊच नका, साधं काळं रबर मीटरवर मिळतं, पेपर अंथरून माप घ्या आणि कापा. खाली फोम, गोणपाट काही नको, पाणी धरतं.

धागाकर्ता
धन्यवाद दादा, टाकी उद्याच काढतो. पाइप दाराच्या बिजागरीपाशी टाकू का लॉकच्या बाजूला?

प्रतिसाद
दोन्हीकडं. एक बिजागरीपाशी, एक लॉकपाशी. आणि झडपेचं रबर आधी बदला, नाहीतर पुढच्या पावसात परत कोंबडी दिसंल.