विषय: कोकणात गाडीतच मुक्काम, रात्री दार कसं सांभाळायचं?

प्रेषक: ताई (रीडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही दोघं आणि सासूबाई कोकणात उतरतोय. दिरांनी पुण्यात एक फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात घर करून घेतलंय. बाकांचे पलंग होतात, छोटा ओटा आहे, पाच किलोचा सिलिंडर, छताला झरोका. अलिबागहून निघायचं, किनारा धरून रेडीपर्यंत जायचं, खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, ओलांडायच्या. गाडी दीर चालवणार. वीस दिवस.

माझी भीती तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये महामार्गाच्या विश्रांतीथांब्यावर भाड्याच्या मोटरहोममध्ये झोपलो होतो. सकाळी बघतो तर ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीखाली पेन्सिल जाईल एवढं भोक. माझी पर्स, दोन फोन आणि ह्यांचं जाकीट गेलं. आम्ही पाच फुटांवर, आणि कुणालाही जाग नाही! तेव्हापासून हे म्हणतात की चोरांनी आत गॅस सोडला असणार.

ट्रॅव्हलरच्या खिडक्या सरकत्या काचांच्या आहेत. आतली खिट्टी नखानेही उघडते. काय काय करून घ्यावं? दीर गाडी सुताराकडे आणि वेल्डरकडे नेणार आहेत, त्याआधी कळवा.

प्रेषक: अण्णा (स्लाव)

ताई, बारा वर्षं मोटरहोम चालवतोय, म्हणून अधिकाराने सांगतो.

मोटरहोमचं कुलूप म्हणजे नुसती शोभा. राहत्या भागाच्या खिडक्या बहुधा अॅक्रिलिकच्या, खिट्ट्या प्लास्टिकच्या. स्क्रूड्रायव्हर घातला की निघाल्या. तुमच्या ट्रॅव्हलरला निदान काच आहे, ते बरं. चोर बहुतेक वेळा पुढच्या दारांनीच येतो, कारण ती दारं कारखान्यातून आलेली असतात आणि त्यांची कुलपं त्याला पाठ असतात. म्हणून पुढच्या दोन्ही दारांच्या आतल्या मुठींमधून एक रॅचेटचा पट्टा आरपार घालून ताणून आवळा. बाहेरून कुलूप उघडलं तरी दार उघडत नाही. बाजूच्या दाराला आतून वेगळी कडी बसवा. शिवाय गाडी अशी लावा की बाजूचं दार भिंतीला चिकटेल, म्हणजे त्या बाजूचा प्रश्नच मिटला.

स्टिअरिंगला कुलूप. पुढच्या काचेला आतून पडदा. दिवसा गाडी सोडून जाताना पडदा उघडा आणि ग्लव्ह बॉक्सही उघडा, आत काही नाही हे दिसू दे. एक एअरटॅग (गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती) सीटच्या फोममध्ये शिवून टाका. पासपोर्टसाठी लोखंडी पेटी, सीटखाली जमिनीला बोल्टने आवळलेली, आणि बोल्टचं डोकं पेटीच्या आत. विम्यावर भिस्त ठेवू नका. रिकाम्या गाडीत ठेवलेल्या मौल्यवान वस्तू बहुतेक प्रवासविम्यांत बसत नाहीत.

आणि रात्री कुणी दार ठोठावलं तर उघडायचं नाही. पोलीस म्हणाले तरी आधी ११२ ला फोन.

गॅसचं मात्र खरं आहे. माझ्या ओळखीतल्या दोघांना झालंय. आतले झरोके बंद ठेवा.

प्रेषक: डॉक्टर (लेस्टर)

अण्णा, झरोके बंद ठेवा हे कृपा करून कुणाला सांगू नका.

तीस वर्षं मी भूल देतोय. खिडकीतून गॅस सोडून गाडीतल्या माणसांना त्यांच्या नकळत गाढ झोपवणं ही अफवा आहे. रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सने, म्हणजे इथल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने, त्यावर निवेदनच काढलंय. ईथरचा वास इतका उग्र की झोपलेला माणूस खोकत उठेल. क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत कोसळतो, हे फक्त सिनेमात. हल्लीची औषधं वापरायची तर त्या जागेच्या मानाने इतकी लागतील की चोरीपेक्षा औषध महाग पडेल. आणि समजा साधलंच, तर सगळेजण सकाळी नुसतं डोकं दुखतंय म्हणत उठणार नाहीत. मॉस्कोच्या नाट्यगृहात २००२ साली सरकारनेच गॅस सोडला होता, शंभरावर ओलीस दगावले.

ताई, तुम्हाला जाग का आली नाही? त्या दिवशी नऊ तास गाडी चालवली होतीत आणि जेवताना वाइनची बाटली संपवली होती. तुम्हीच परत आल्यावर सांगितलं होतंत.

खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. समुद्रावर कोळशावर मासे भाजून झाले की ती शेगडी ‘विझली’ म्हणून आत घेऊ नका, ती रात्रभर हा वायू सोडत राहते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखाली तळाला जे भोक ठेवलेलं असतं ते उंदीर, चोर, डास, कुणाच्याही भीतीने बुजवू नका. जाळी लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथूनच घेऊन जा, पाव किलोसुद्धा वजन नाही.

प्रेषक: भाऊ (देवगड, पूर्वी स्लाव)

ताई, अण्णांचं सामान चांगलं आहे, पण ते फ्रान्सच्या महामार्गासाठी. तिथे तुम्ही कुणाचेच नसता. शंभर गाड्या रात्री येतात, पहाटे जातात, कोण कुणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं आणि चोराला तेच हवं असतं. आपल्याकडे पनवेल सोडल्यावर महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यांची आवारं तशीच. तिथे जेवा, चहा प्या, झोपू नका.

गावात मात्र उलटं आहे. गावात गाडी शिरली की दहा मिनिटांत सगळ्या वाडीला कळतं. मी निवृत्त होऊन इथे आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी पाणंदीत गाडी उभी केली, तर एक म्हातारी काठी टेकत आली आणि विचारती झाली, ‘‘कोणाचो रे तू? खंयसून इलंस?’’ हा आमचा अलार्म. त्याला बॅटरी लागत नाही, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. तेवढं उत्तर दिवसाउजेडी देऊन ठेवा, मग रात्री तीच म्हातारी तुमची राखण करते.

म्हणजे प्रत्यक्षात काय? चारच्या सुमाराला मुक्कामाच्या गावी पोचा. घरगुती खाणावळ किंवा न्याहारी-निवासवाली घरं किनाऱ्यावर जागोजाग आहेत. खोली नको म्हणावं, खळ्यात (अंगणात) गाडी लावू द्या, रात्रीचं जेवण आणि सकाळचे घावणे तुमच्याकडेच. पैसे आधी ठरवा. वीज मिळते, विहिरीचं पाणी मिळतं, गडगा म्हणजे दगडी कुंपण असतं, बेडं म्हणजे फाटक असतं, आणि कुत्रा असतोच. कुत्र्याला संध्याकाळी बिस्किट घाला. देवळाजवळ उतरायचं असेल तर भक्तनिवासात विचारा. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) निवासांत गाडीतला मुक्काम म्हटल्यावर निदान कुणी वेड्यात काढत नाही.

आता कुठे थांबायचं नाही ते. पुळणीवर नाही. चोराचं सोडा, भरतीचं बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी इंजिनात गेलेलं असतं. दर मोसमात दोनचार जण हा प्रयोग करतात. माडाखाली नाही, पुढची काच आणि छताचा झरोका दोन्ही नारळाच्या टप्प्यात येतात.

आणि जेटीवर अजिबात नाही. शेवटची फेरी चुकली तर मागे फिरून गावात जा. इथे १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटकं उतरली होती, २००८ साली मुंबईचे हल्लेखोर समुद्रातून आले, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ बेवारस बोट सापडली तिच्यात रायफली निघाल्या. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी दिवे मालवून, पडदे ओढून उभी राहिलेली मोठी गाडी बघून इथला माणूस ‘पर्यटक’ म्हणत नाही. पोलीस येतात, सागर रक्षक दलाची, म्हणजे किनाऱ्यावर पोलिसांना मदत करणारी गावातली पोरं येतात. ती त्यांचं काम करतात, तुमची झोप मोडते.

सरकत्या खिडक्यांना खर्च करू नका. खालच्या खाचेत बसेल अशी सागाची पट्टी कापून घ्या, काच सरकतच नाही. मात्र हवेसाठी बोटभर फट ठेवाल, तेव्हा तिच्याजवळ फोन चार्जिंगला लावू नका. काठीला आकडी बांधून फोन ओढून नेणारे शहरगावांच्या आसपास आहेत. जाळी असली तरी ब्लेडने फाटते.

एक गोष्ट अण्णांना इंग्लंडात कळणार नाही: खारी हवा. साधं लोखंडी कुलूप पंधरा दिवसांत आवळतं. पितळी घ्या किंवा बोटीवर वापरतात त्या स्टेनलेसचं. त्यात तेल घालू नका, तेलाला वाळू धरते. ग्रॅफाइटची पूड फुंका.

दिवसा जास्त सांभाळा. गणपतीपुळ्याला दर्शनाच्या रांगेत दीड तास, गाडी वाहनतळावर, सगळे उतरलेले. गाडी फुटली तर तिथे फुटते, माझ्या पडवीसमोर नाही. एकाने गाडीत थांबावं, पाळी लावावी.

प्रेषक: माई (मिल्टन कीन्स)

भाऊंनी खरे दरोडेखोर सांगितलेच नाहीत. माकडं! गेल्या वर्षी दापोलीजवळ भावाच्या आवारात गाडी होती, छताचा झरोका उघडा. एक आत उतरलं, दोन वर पहारा. पोहे, साखर, माझी ब्लडप्रेशरची गोळ्यांची डबी. डबी नंतर आंब्याखाली सापडली, झाकण उघडून. आम्हाला आजतागायत ते लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेलं झाकण उघडता येत नाही. झरोक्याला आतून वेल्डेड जाळी लावून घ्याच.

आणि मार्चपर्यंत लांबलात तर शिमगा आहे. लाकडी स्टूल रात्री बाहेर ठेवलंत तर ते होळीत गेलं म्हणून समजा. त्याची तक्रार कुठेही होत नाही.

प्रेषक: ताई (तवसाळहून)

मंडळी, अकरावा दिवस. चोरी झाली नाही. पण झालंय ते सांगते, अण्णांनी आधी बसून घ्यावं.

काल हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन झालं. सासूबाईंचं माहेर गुहागरचं, त्यामुळे वाटेत प्रत्येक घरी पाणी प्यावं लागलं. तवसाळच्या जेटीवर पोचलो तेव्हा जयगडकडे जाणारी शेवटची फेरी खाडीच्या मध्यावर होती. भाऊंची मेल आठवत होती, पण सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. म्हटलं, एकच रात्र.

गाडी अण्णांच्या पद्धतीने लावली. बाजूचं दार उपसून ठेवलेल्या होडीला टेकवलं. पुढच्या दारांत पट्टा आवळला. मागच्या दारापाशी दोन बॅगा, सायकल आणि सासूबाई झोपलेल्या.

एक वाजता टॉर्च आणि ठोठावणं. ‘‘कोण आहे आत? दार उघडा.’’ दीर ११२ लावायला लागले, रेंज नाही. मग खिडकीतून ओळखपत्र मागितलं, त्यांनी दाखवलं. खरंच पोलीस होते, दोघं, आणि बरोबर गावातला एक तरुण. दीर म्हणाले, उघडतो. आणि पट्ट्याचं रॅचेट हलेना! परवा गुहागरला सुरूच्या बनात त्याच पट्ट्याने झोपाळा बांधला होता, वाळू आत गेलेली. बाजूचं दार होडीला लागून. मागे सासूबाई. पोलीस बाहेर, आम्ही आत, आणि प्रत्येक मिनिटाला आम्ही जास्त संशयास्पद होत चाललेलो.

सासूबाई उठल्या, खिडकीशी आल्या आणि त्या तरुणाला म्हणाल्या, ‘‘तू कुणाचा रे?’’ त्याने आडनाव सांगितलं. यांनी वाडी विचारली. त्याची आजी पालशेतची निघाली, यांच्या शाळेतली. मग त्यानेच घरून कोयती आणून खिडकीतून आत दिली आणि दिरांनी पट्टा कापला.

पोलिसांनी नावं, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि इथे थांबू नका म्हणाले. उरलेली रात्र त्या मुलाच्या खळ्यात काढली. मला मात्र झोप नाही. ओट्यावर जाळ झाला असता तर? सकाळी त्याच्या काकांनी, ते सुतार आहेत, आईनाच्या लाकडाचा अडसर करून दिला. दोन कोयंड्यांत आडवा बसतो, एका हाताने वर उचलला की निघतो. सासूबाईंकडून तीनदा उघडून घेतला. आता रोज गाडी लावल्यावर बाजूचं दार पूर्ण उघडतंय ना, हे आधी बघायचं असं ठरवलंय. पैसे घेतले नाहीत, म्हणून डॉक्टरांनी बरोबर दिलेली केकची पेटी तिथे दिली. डॉक्टर, माफ करा.

अण्णा, कापलेल्या पट्ट्याचे दोन तुकडे झालेत, सायकल आता नीट बांधता येते.

भाऊ, गुरुवारी देवगडला पोचतो. गाडीची उंची साडेनऊ फूट आहे. तुमच्या बेड्यावर आंब्याची फांदी आहे म्हणाला होतात.

प्रेषक: भाऊ (देवगड)

फांदी कालच उतरवली. चारपर्यंत या. म्हातारीला सांगून ठेवलंय, तरी ती विचारेलच. कुत्र्याची बिस्किटं तुम्ही आणा, इथल्या दुकानात संपलीत.