मदत हवी आहे: स्काउट शिबिरासाठी पालकांच्या संमतिपत्राचा नमुना (तातडीचे)

नवा_गावकरी

नमस्कार मंडळी. हाताशी वेळ नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या शाळेच्या पथकाचे एका रात्रीचे शिबिर येत्या शनिवारी-रविवारी ठरले आहे, आणि आज सोमवार उजाडला तरी ३१ मुलांपैकी केवळ ७ जणांच्या पालकांनी संमतिपत्रावर सही केली आहे. याच पालकांनी दिवाळीनंतर चार दिवसांच्या सहलीला मुले विनातक्रार पाठवली होती. त्यामुळे अडचण पैशांची नसून स्काउटिंगविषयीच्या अनास्थेची आहे, असे माझे मत झाले आहे. घरी गेलो की चहा मिळतो, ‘बघू’, ‘सांगतो’ असे म्हटले जाते आणि कागद कोराच परत येतो. मी हे काम एक रुपयाही न घेता करतो आहे. वाचल्यावर पालकांना नाही म्हणणे अवघड जाईल, असा एखादा नमुना कोणाकडे आहे का?

जुना_स्काउटर

नमुना देता येईल, परंतु त्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. आपण शिक्षक आहात की पालक? आपले सात दिवसांचे बेसिक प्रशिक्षण झाले आहे का? मुख्याध्यापकांचे आणि जिल्हा संघटकांचे लेखी परवानगीपत्र हाती आहे का? मुले कोणत्या वयाची आहेत आणि शिबिर नेमके कोठे आहे? मी २६ वर्षे पथक चालवले. या प्रश्नांची उत्तरे नसताना कागदाच्या मसुद्यावर वेळ घालवणे मला पटत नाही.

भटक्या_रत्नागिरी

एका रात्रीसाठी जड कापडी तंबू नेऊ नयेत. ते दव पडल्यावर दुप्पट जड होतात आणि खाऱ्या वाऱ्यात त्यांच्या लोखंडी खुंट्या गंजतात. घुमटासारखे हलके तंबू भाड्याने मिळतात. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत, त्यामुळे पोत्यात वाळू भरून ते पोते पुरावे आणि दोरी त्याला बांधावी.

नवा_गावकरी

तंबूंविषयी मी विचारलेले नाही. जुना_स्काउटर सर, मी शिक्षक नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षांपूर्वी पुण्याहून पत्नीच्या माहेरगावी, दापोली तालुक्यात, राहायला आलो. जूनमध्ये स्काउट मास्तरांची बदली झाली आणि मुख्याध्यापकांनी मला गळ घातली. प्रशिक्षणाचा वर्ग उन्हाळ्यात आहे, तेव्हा करणारच आहे. मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी आहे. मुले १० ते १५ वयोगटातील असून जागा गावाजवळच्या किनाऱ्यावर आहे. आता तरी नमुना मिळावा.

कॅप्टनताई

आपण ‘मुले’ म्हणता, त्यात मुली आहेत का?

नवा_गावकरी

७ गाइड आहेत. त्यांची व्यवस्था वेगळ्या तंबूत केली आहे.

कॅप्टनताई

मग ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. मुली असतील तर रात्रभर मुक्कामाला गाइड कॅप्टन (मुलींच्या पथकाची प्रमुख) किंवा किमान एक जबाबदार स्त्री असलीच पाहिजे, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर तंबूत, जीपमध्ये, प्रथमोपचाराच्या निमित्तानेसुद्धा एकट्याने राहू नये. हा तुमच्यावरचा अविश्वास नाही, मुलांचे आणि तुमचेही संरक्षण आहे. माझ्या पहिल्या वर्षी मीही कागद वाटत फिरले होते आणि माझेही कागद कोरेच परत आले. मग सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला की टोपल्या धुणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसू लागले. रात्री मुलींच्या तंबूबाहेर कोण झोपणार, एवढा एकच प्रश्न त्यांना होता. तो त्यांनी चौथ्या दिवशी विचारला. घरात पुरुषांसमोर कधीच विचारला नसता.

जुना_स्काउटर

ताईंचा अनुभव मोलाचा आहे. परंतु प्रत्येक स्काउटरने बंदरावर जाऊन बसावे, हा काही मार्ग नव्हे. मार्ग संघपद्धतीत आहे. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर भरवले, तेव्हा मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाचा कारभार एका मुलाकडेच सोपवला. आपल्याकडे २४ स्काउट, म्हणजे आठ-आठांचे तीन संघ असतील. तिन्ही संघनायकांना बोलावून पालक का नाही म्हणतात ते विचारा. मुलांना सारे ठाऊक असते.

कॅप्टनताई

सर, मुलांना ठाऊक असते हे खरे, पण आईबापांनी सांगू नको म्हटलेले मूल मास्तरांना सांगत नाही.

सड्यावरचा

सापांचा विचार केला आहे का? आमच्या बाजूला कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, दगड उचलला की फुरसे, अशी स्थिती असते. जेमतेम हातभर लांबीचे हे जनावर वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते, आणि तो ऐकू येईपर्यंत पाऊल पडलेले असते.

नवा_गावकरी

तंबूंभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडणार आहे. तंबूंच्या जागा दाखवणाऱ्या चुन्याच्या रेघाही आखून ठेवल्या आहेत.

सड्यावरचा

त्याने साप अडत नाही, फक्त मुलांचे डोळे चुरचुरतात. विजेरी, पायात बूट, उष्टे-खरकटे लगेच पुरणे आणि अंथरूण झटकून मगच झोपणे, एवढेच उपयोगी पडते. दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये आणि मुलाला चालवू नये. हात किंवा पाय हलणार नाही असा बांधून, जेथे प्रतिविष आहे त्या रुग्णालयात थेट न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. कोणत्या रुग्णालयात साठा आहे, हे शनिवारी रात्री नव्हे, आजच फोन करून विचारा.

तांडेल

मी इतर वेळी येथे केवळ वाचतो. ‘किनाऱ्यावर’ म्हणजे नक्की कोठे, आणि चुन्याच्या रेघा आपण कोणत्या दिवशी किती वाजता मारल्या?

नवा_गावकरी

खाडी समुद्राला मिळते तेथील पुळण, सुरूच्या बनाच्या पुढे. गेल्या शनिवारी दुपारी बारा वाजता स्वतः उभा राहून आखणी केली. पाणी कितीतरी लांब होते, म्हणूनच ती जागा निवडली. रविवारी दुपारी दोन वाजता तेथेच उथळ पाण्यात मुलांचे खेळ आहेत. याचा संमतिपत्राशी काय संबंध?

तांडेल

सर्व संबंध तेथेच आहे. आमच्याकडे भरतीचा ढोबळ हिशेब तिथीवरून होतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. गेल्या शनिवारी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि बाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाचे पाणी असते, ते फार चढत नाही. आपण महिन्यातल्या सर्वांत गरीब पाण्याच्या दिवशी, त्यातही ते उतरलेले असताना, जागा पाहिली.

येत्या शनिवारी अमावास्या आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येला उधाण असते, आणि हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून मोठी असते. मुले गाढ झोपलेली असताना पाणी आपल्या चुन्याच्या रेघांवर येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पुन्हा भरती असून दोन वाजता ओहोटी जोरात असेल. त्या वेळी खाडीत भरलेले सगळे पाणी त्याच तोंडातून बाहेर पडते. तेथे गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू निघून जाते. आम्ही त्या वेळी होडीसुद्धा जपून काढतो. आपल्या मुलांचे पालक दर्यावर जाणारे असतील, तर त्यांनी तारीख आणि जागा ऐकली त्याच क्षणी हा हिशेब केला असेल.

नवा_गावकरी

मग त्यांनी तोंडाने का सांगितले नाही?

तांडेल

आपण शाळेतर्फे आलात, छापील कागद घेऊन आलात, आणि कागदावर सही करा एवढेच म्हणालात. जागा बरी आहे का, असे विचारले होते का?

जुना_स्काउटर

तांडेल यांचा मुद्दा निर्विवाद आहे. एवढेच जोडतो की, संमतिपत्रावर ३१ सह्या झाल्या असत्या तरी जबाबदारी आपल्यावरून हलली नसती. तोंडी परवानगीवर शिबिर नेऊ नये, हे मी पहिल्याच उत्तरात सुचवले होते.

नवा_गावकरी

काल बुधवारी एका संघनायकाच्या वडिलांना, जागा दाखवायला येता का, असे विचारले. द्वादशी होती, म्हणजे तांडेल यांच्या हिशेबाने भरती रात्री नऊला. आम्ही साडेआठला तेथे पोहोचलो. उधाणाला अजून तीन दिवस होते, तरीही पाणी माझ्या पहिल्या रेघेपासून दहा पावलांवर येऊन थांबले. मग त्यांनी विजेरी मागे, सुरूंकडे वळवली. तेथे वाळलेले शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एक फाटकी चप्पल आणि माडाच्या झावळ्या यांची सरळ ओळ लागली होती. गेल्या पौर्णिमेचे पाणी तेथपर्यंत आले होते. माझी सर्व आखणी, मुलींच्या तंबूसह, त्या ओळीच्या समुद्राकडच्या बाजूला होती.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आखणीच्या दिवशी हाच संघनायक मला ‘सर, हितं पाणी येतं’ असे म्हणाला होता. मी त्या वेळी पुस्तक उघडून बोलाईनची गाठ समजावून घेत होतो, म्हणून त्याला गप्प बसायला सांगितले. त्याने ती गाठ माझ्या हातातील दोरी घेऊन, तिच्याकडे न पाहता मारली आणि तो निघून गेला.

शिबिर आठवडाभर पुढे ढकलले आहे. जागेसाठी शाळेचे मैदान, सड्यावरील आंब्याची बाग आणि सुरूच्या बनामागची मोकळी जमीन असे तीन पर्याय पालकांनीच सुचवले आहेत.

सड्यावरचा

बाग घेणार असाल तर गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, सोडून तंबू लावा. दगडी गडग्यात फुरसे असते.

कॅप्टनताई

शाळेचे मैदान घ्या. पहिल्या शिबिराला नळ आणि शौचालय जवळ असलेले बरे.

जुना_स्काउटर

मैदानावर तंबू ठोकून शिबिर झाले असे म्हणणे मला मान्य नाही. बनामागची जमीन उत्तम. मात्र परवानगी लेखी घ्या आणि आठवडाभर पुढची तिथी पाहून घ्या.

तांडेल

पुढच्या शनिवारी पुन्हा भांगाचे पाणी आहे. बनामागे चिंता नाही.

शांत_वाचक

पूर्ण धागा वाचला नाही, पण मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. संमतिपत्रात मुलाचे नाव, जन्मतारीख, दोन दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, पोहता येते का, आणि तातडीच्या उपचारांस परवानगी हे रकाने असावेत. जागा, तारीख, मुक्कामाला असणाऱ्या मोठ्या माणसांची नावे आणि दोन्ही दिवसांचे वेळापत्रक वरच्या बाजूला छापावे.

नवा_गावकरी

आभार. याच रकान्यांचा कागद नव्या तारखेसह आणि नव्या जागेसह आज वाटला, २६ सह्या झाल्या. कॅप्टनताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे शाळेतील एक शिक्षिका आणि एका मुलीची आई मुक्कामाला येत आहेत. परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने जिल्हा संघटकांकडे आजच गेला. ‘पोहता येते का’ हा रकाना मात्र अडला. संघनायकाच्या वडिलांनी तो वाचून कागद माझ्याकडे फिरवला आणि ‘मास्तर, तुम्हाला येतं का?’ असे विचारले. मला येत नाही. रविवारी सकाळी सहा वाजता त्यांनी मला तळ्यावर बोलावले आहे.