बालकवींचं चरित्र वाचून झाल्यावर : जाणकारांनी लिहावं

‘श्रावणमासी’, ‘फुलराणी’ पाठ्यपुस्तकातून मनात बसलेल्या असतात. पुढे चरित्र हाती येतं आणि भादलीपाशी, रेल्वेखालच्या त्यांच्या मृत्यूपाशी, सगळंच काळवंडतं. मग कविता पुन्हा कशा वाचायच्या? ज्यांनी बारकाईनं वाचलंय त्यांनी पद्धत सांगा.

रानवारा
आधी कागदावर तीन रकाने पाडा : वर्ष, घटना, कविता. १३ ऑगस्ट १८९०, धरणगावला जन्म. १९०७, जळगावचं कविसंमेलन आणि ‘बालकवी’ ही पदवी. ५ मे १९१८, भादली. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी नाहीत! तिसऱ्या रकान्यात कविता लिहायची ती तारीख पक्की मिळाली तरच, नाहीतर जागा मोकळी सोडा. बहुतेकांचं इथंच चुकतं. कविता उदास, म्हणून ती शेवटच्या दिवसांतली असं धरतात आणि मग तीच शेवटाचा पुरावा म्हणून पुढे करतात. संग्रहातल्या क्रमावरही विसंबू नका, तो बरेचदा संपादकानं लावलेला असतो. आत्महत्या केलेल्या अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या ‘एरियल’ या संग्रहाचं तेच झालं. १९६५ साली पुस्तक निघालं ते तिचा नवरा टेड ह्यूजनं बदललेल्या क्रमानं. तिनं स्वतः लावलेला क्रम वाचकांना मिळाला २००४ मध्ये, आणि त्यात शेवटाला वसंताची चाहूल आहे.

जुनी वही
रकान्यांना जोडून समासात पेन्सिलीनं खुणा करा. पत्राला ‘प’, आठवणीला ‘आ’, चरित्रकाराच्या तर्काला ‘त’. ‘असावं’, ‘वाटलं असेल’ दिसलं की ‘त’. ‘आ’ जिथं असेल तिथं ती किती वर्षांनी लिहिली तेही टिपा. बालकवी ज्यांच्या घरी राहिले त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४चा, म्हणजे ठोंबरे (बालकवींचं आडनाव) जाऊन सोळा वर्षं झालेली. घरातलं वागणं-बोलणं, माया, रुसवेफुगवे यांसाठी त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार नाही. तारखा मात्र दुसरीकडून ताडून घ्याव्यात.

मंदाकिनी
भादलीच्या प्रकरणात जागा, दिवस आणि रेल्वेखाली मृत्यू एवढं एका बाजूला ठेवा. अपघात की आत्महत्या, हे दुसऱ्या बाजूला, कारण तिथं मनातला हेतू ठरवावा लागतो. एखाद्या प्रकरणात दोन्ही एकाच वाक्यात आलं, की तिथं थांबून पुन्हा वाचा.

रानवारा
अगदी! शिवाय ‘कोठुनि येते मला कळेना’ ही कविता चरित्राच्या आधी एकदा, नंतर एकदा वाचा. उदासी कुठून येते ते कळत नाही, असं कवीच सांगतो आहे. चरित्रकार तिथं कर्ज, भांडण, संसार असलं एखादं कारण चिकटवू लागला, तर मी कवीच्या बाजूनं.

जुनी वही
‘औदुंबर’ही याच पद्धतीनं तपासा. आठच ओळी. काळा डोह येतो सहाव्या ओळीत. त्याआधी झरा, हिरवाळी, चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट. मृत्यूचा अर्थ लावणाऱ्यानं या पाच ओळींचाही हिशोब द्यायला हवा. शेवटच्या तीनच उचलल्या असतील, तर तो अर्थ अपुरा समजा.