नेपल्सचं प्रजासत्ताक फक्त बाहुलं होतं का?

दक्षिण इटलीत राजाला हटवून १७९९ मध्ये उभं राहिलेलं नेपल्सचं प्रजासत्ताक म्हणजे फ्रेंचांनी बसवलेलं बाहुलं, असं म्हटलं जातं. अर्धंच पटतं. फ्रेंच फौज नसती तर ते जन्मलंच नसतं, हे खरं. पण मे महिन्यात ती फौज उत्तरेकडे निघून गेल्यावरही स्थानिक प्रजासत्ताकवादी लढत राहिले. बाहुली अशी लढत नाहीत.

मला त्यांची खरी अडचण भाषेची वाटते. सरकारात वकील, प्राध्यापक, सरदारांची शिकलेली मुलं. आणि शहरातले गोरगरीब, ज्यांना 'लाझ्झारी' म्हणत, ते राजाच्या बाजूचे. जानेवारीत फ्रेंचांना रस्त्यारस्त्यात अडवलं ते याच लोकांनी, राजा आधीच सिसिलीतल्या पालेर्मोला पळालेला असताना! 'मोनितोरे नापोलेतानो' या वर्तमानपत्राची संपादक एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका हिला ही दरी दिसली होती. लोकांशी त्यांच्या बोलीत बोला, असं ती सांगत राहिली. पण हातात वेळ होता जेमतेम पाच महिन्यांचा.

तिकडे राजाच्या बाजूचा कार्डिनल (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू) रुफ्फो इटलीच्या दक्षिण टोकाच्या कॅलाब्रियातून शेतकऱ्यांची फौज घेऊन आला आणि जूनमध्ये शहर पडलं. आता गंमत बघा, याच रुफ्फोने किल्ल्यांत अडकलेल्या प्रजासत्ताकवाद्यांना सुखरूप जहाजाने जाऊ देण्याचा करार केला होता. तो धुडकावला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने. हो, तोच ट्रफाल्गरवाला. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेल्या अॅडमिरल काराच्योलोला २९ जूनला जहाजावरच फाशी दिलं, आणि एलेओनोराला २० ऑगस्टला भर बाजारचौकात.