म्हातारपणी मन खचतं ते ताटामुळे की एकटेपणामुळे?

बालाघाटची लेक
आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततं. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. यंदा भाऊ-भावजय लेकरांनाही घेऊन गेले. दिवाळीनंतर मी गेले तर माय ओळखू येईना. बोलणं तुटक, रात्र रात्र झोप नाही, देवळात जाणं बंद. "आता जगून काय करायचंय?" एवढंच म्हणायची. चुलीजवळ टोस्टचा पुडा आणि चहाचं पातेलं. "एकटीसाठी कुठं चूल पेटवू बाई?"

रक्त तपासलं तर बी-12 जीवनसत्त्व फार कमी निघालं. त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, त्या गोळीनंही बी-12 घटतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दूध, दही, अंडी सुरू करायला सांगितली. दोन-अडीच महिन्यांत माय पुन्हा भांडायला लागली, तेव्हा मला रडू आलं. म्हणून सांगते, म्हातारं माणूस गप्प झालं की "वय झालं" म्हणून सोडू नका. आधी त्याचं ताट बघा.

मांजराकाठ
ताई, मायला बरं वाटलं याचा आनंदच आहे. पण मन बसलं की भूक मरते, हे नैराश्याचं लक्षणच आहे. मग ताट रिकामं म्हणून मन खचलं, की मन खचलं म्हणून ताट रिकामं? 2019 मध्ये युरोपातल्या चार देशांतल्या हजारावर लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षभर काहींना पूरक गोळ्या, काहींना आहाराचं मार्गदर्शन दिलं. नैराश्य टळलं नाही. 2020 मध्ये अमेरिकेतून निकाल आला: पन्नाशी ओलांडलेल्या 18,000 वर लोकांना पाचेक वर्षं डी जीवनसत्त्व देऊनही फरक पडला नाही.

आमचे आबा लातूरला आमच्याच घरात आहेत. दूध, फळं, सगळं वेळेवर. पण आम्ही नऊला जेवतो आणि त्यांचं ताट सातलाच खोलीत जातं. आई गेल्यापासून ते सुकत चाललेत. त्यांना काय खाऊ घालू, सांगा.

कळंबची आशाताई
घरोघरी फिरते म्हणून लिहिते. कित्येकांना दात नाहीत, कवळी टोचते, भाकरी चावत नाही, म्हणून बिस्कीट चहात बुडवून खातात. घरचं दूध डेअरीला जातं आणि म्हातारीला काळा चहा. सोयाबीन आल्यापासून घरची ज्वारीही कमी झाली. भाकरी दुधात कुस्करून द्या, वरण पातळ करा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं.

बालाघाटची लेक
मांजराकाठ दादा, युरोपातला तो प्रयोग वजन जास्त असलेल्या लोकांवर होता, त्यांना तेव्हा नैराश्याचा आजारही नव्हता. माझ्या मायच्या अंगात बी-12 नव्हतंच. कमी असलेलं भरून काढणं वेगळं आणि धडधाकट माणसाला वरून गोळी देणं वेगळं. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये नैराश्य असलेल्या 67 जणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. आहार सुधारलेल्या गटातले जवळजवळ तिसरा हिस्सा लोक बरे झाले, नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्या गटात 8 टक्के. प्रयोग लहान आहे, हे मान्य. आणि जवस-शेंगदाण्याची चटणी कितीही चांगली असली तरी बी-12 वनस्पतींतून मिळत नाही. वयानं पोटातलं आम्ल घटलं की खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. हे आमच्या शाकाहारी घरांत कोणी सांगतच नाही.

मांजराकाठ
बी-12 तपासावं, यावर वाद नाही. आबांचंही तपासतो. पण इंजेक्शनं सुरू झाली तेव्हाच तुम्हीही तिथं होतात ना? गुण कशाचा आला, हे कसं ठरवणार? आणि "जगून काय करायचंय" हे वाक्य ऐकलं की रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नये. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

बालाघाटची लेक
ते वाक्य डॉक्टरांच्या कानावर घातलं नव्हतं. चुकलंच माझं. या आठवड्यात घेऊन जाते.

मी तिथं पंधरा दिवसच होते. पुढं शेजारच्या मावशी यायच्या, एक दिवस यांची चूल, एक दिवस त्यांची. पण इंजेक्शनांआधीही मावशी बोलवायच्याच, माय उठायची नाही. अंगात ताकद आल्यावर उठली. म्हणून आधी ताट, असं मी अजूनही म्हणते. तुम्ही मात्र आज आबांचं ताट नऊला, तुमच्याच शेजारी वाढा.