सिगारेट सुटली, आता व्हेप कायम ठेवावं का?

निपाणीकर: भावाची सिगारेट सुटली, पण व्हेप (ई-सिगारेट) काही सुटत नाही. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचं सॉल्ट निकोटिन (घशाला कमी झोंबणारं द्रव निकोटिन) ओढतोय. असंच चालू दिलं तर चालेल, की तेही सोडवायचं?

औषधवाला: चालू ठेवायचं तर माल कुठनं आणणार? २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं विक्री, आयात, साठवणूक सगळंच बंद आहे. मिळतं ते चोरून आलेलं. बाटलीवर ५० लिहिलंय म्हणून आत तेवढंच असेल असं नाही. झुरक्याला जळकी चव आली की समजा व्हेपमधली द्रव शोषणारी वात कोरडी पडलीय, त्या धुरात फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन वाढतं. सिगारेटपेक्षा विष कमी, हे खरं. पण निरुपद्रवी नव्हे. निकोटिनच्या गमवर (चघळायच्या गोळीवर) आणा त्याला.

खानापूर_रोड: गमनं उचक्या लागतात म्हणे?

औषधवाला: लागणारच की, बबलगमसारखं चघळलं तर! निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. हळू चावायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. अर्धा तास असंच. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. गम ‘लागत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथंच चुकतं. उठल्यापासून अर्ध्या तासात तलफ येत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

निपाणीकर: मधेच सिगारेटकडं वळला तर?

खानापूर_रोड: तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६ लावा, फुकट आहे.