स्मोकरवर लेबनीज चिकन : मसाला कडू होतोय, तूम फुटतंय, काय चुकतंय?

निखारा :
नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि इथे एक लेबनीज कुटुंब फूड ट्रक चालवतं, शुक्रवार-शनिवार दोनच दिवस, बाराला खिडकी उघडते आणि अडीचपर्यंत सगळं संपलेलं असतं. मांस पक्कं टेक्सासचं, म्हणजे ओकच्या लाकडावर रात्रभर धुरात शिजवलेलं, पण सोबत तो नेहमीचा व्हाइट ब्रेड आणि गोड सॉस नाही, त्याऐवजी लसूण आणि तेल घोटून केलेलं पांढरंशुभ्र तूम, बीट घालून गुलाबी केलेलं सलगमाचं लोणचं, तबुले (पार्सलीची कोशिंबीर) आणि कागदासारखी पातळ रोटी. ट्रकच्या मागे ट्रेलरवर लोखंडी पिट आहे तिथे थोरला मुलगा असतो, खिडकीत सून, आणि आत स्टुलावर बसून आजी पार्सली चिरत असते. जुडी मुठीत घट्ट धरून एकदाच बारीक चिरते, चिरलेल्यावर परत सुरी फिरवत नाही. मी विचारलं तर म्हणाली परत चिरली की पाणी सुटतं आणि तबुले काळं पडतं.

तर प्रश्न असा की पुढच्या महिन्यात जळगावहून आई-बाबा येतायत आणि मला हे घरी करून त्यांना खायला घालायचंय. बाबा चिकन खातात, आई पूर्ण शाकाहारी. माझ्याकडे छोटा ऑफसेट स्मोकर आहे, म्हणजे बाजूच्या पेटीत (फायरबॉक्समध्ये) लाकूड जळतं आणि धूर आत येतो तो. तीनदा करून पाहिलं, चिकन रात्रभर दही-लसूण-लेबनीज सात मसाले-सुमाक (आंबट लाल पूड) लावून ठेवलं आणि २२५ फॅरनहाइटला चार तास स्मोक केलं. तिन्ही वेळा वरचा मसाला काळा आणि कडू, सुमाकची आंबट चव कुठे गेली कळलंच नाही, आणि कातडी रबरासारखी. तूम दोनदा फुटलं, तेल वर आणि लसूण खाली. ट्रकवरच्या वहिनींना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या की मसाला नंतर, पण मागे रांग होती म्हणून पुढचं विचारता आलं नाही. कुणी नीट सांगेल का? आणि आईसाठी स्मोकरवर काय करू?

पिटवाला_ह्यूस्टन :
वहिनींनी तुला सगळं सांगितलंय बघ. सात मसाल्यांत ऑलस्पाइस, दालचिनी, लवंग, जायफळ, मिरी, धने, जिरे असतात (घरोघरी थोडा फरक असतो) आणि यातलं दालचिनी-लवंग पूड करून चार तास धुरात ठेवलं तर कडू होणारच. लेबनॉनमध्ये मांस निखाऱ्यावर भाजतात, शीश ताऊक (सळईवरचं चिकन) वगैरे, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं म्हणून तिथे आधी मसाला लावलेला चालतो. टेक्सासची पद्धत तासन् तासांची, म्हणून तिथले जुने लोक नुसतं मीठ-मिरी लावतात. दोन्ही एकत्र करायचं तर मसाल्याची वेळ बदलावी लागते.

मी असं करतो. आदल्या रात्री कोंबडीला फक्त मीठ चोळून उघडीच फ्रिजमध्ये ठेवायची, कातडी कोरडी होते. सकाळी मिरी, थोडं तेल. स्मोकर २२५ नाही, २७५ ते ३०० ठेव, कोंबडीत ब्रिस्केटसारखं (गाईच्या छातीचं मांस) वितळायला काही नसतं त्यामुळे कमी आचेचा फायदा काहीच नाही, नुसती कातडी चिवट होते. छातीच्या मांसात १६५ आणि मांडीत १७५ च्या आसपास आलं की उतरवायची. मग बटर किंवा ऑलिव्ह तेल गरम करून त्यात सात मसाले अर्धा मिनिट फुलवायचे आणि गरम कोंबडीवर ब्रशने लावायचे, आपण वरणावर वरून फोडणी देतो ना अगदी तसं. सुमाक सगळ्यात शेवटी, ताटात वाढताना भुरभुरायचं. डाळिंबाचा आटवलेला रस लावायचा असेल तर शेवटची दहा मिनिटं, आधी लावला तर त्यातली साखर जळते.

दुसरं म्हणजे धूर बघ. चिमणीतून पांढरे ढग निघत असतील तर लाकूड धुमसतंय, जळत नाहीये, आणि कडूपणा निम्मा तिथून येतो. धूर जेमतेम दिसेल इतका पातळ निळसर हवा. चिमणी पूर्ण उघडी, लाकूड वाळलेलं, लहान लहान फाटे करून थोडे थोडे घालायचे. लाकूड भिजवू नकोस. चिकनला पिकॅनचं लाकूड छान, मेस्किटचं अजिबात नको, फार उग्र पडतं.

टल्साची_सून :
तूमचं मी सांगते कारण माझ्या शेजारणीने मला तिच्या ओट्याजवळ उभं करून शिकवलंय. एक कप सोललेली लसूण, प्रत्येक पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढायचा, तो कडू असतो. मीठ घालून आधी लसणीची अगदी मऊ पेस्ट कर, कडेचं सारखं खाली ढकलत राहा. मग तेल, तीन कप लागतं, आणि इथेच सगळे घाई करतात. पहिला अर्धा कप अक्षरशः थेंब थेंब, मग बारीक धार, अधूनमधून चमचाभर लिंबाचा रस, परत तेल. एकूण पाव कप लिंबू. तेल बिनवासाचं घे आणि थंड असू दे, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह मिक्सरमध्ये फिरवलं की कडवट होतं. फुटलंच तर टाकू नकोस. बरेच जण अंड्याचा पांढरा घालतात पण तुझ्या आईंना चालणार नाही, तर भांडं धुऊन पुसून त्यात उकडलेल्या बटाट्याचा एक चमचा आणि थोडं बर्फाचं पाणी फिरव आणि फुटलेलं तूम त्यात थेंब थेंब सोड, परत जमून येतं.

आणि अजून एक सांगावंसं वाटतं, कारण इथे लोक याला नवीन फ्यूजन वगैरे म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. माउंट लेबनॉनकडची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आली, बहुतेक ख्रिश्चन, कागदोपत्री तेव्हा त्यांना सीरियन म्हणत कारण तो सगळा ऑटोमन सीरियाचा मुलूख होता. मिसिसिपी डेल्टात ते पाठीवर गाठोडं घेऊन शेतोशेती कापड-सुया विकत फिरले, मग किराणा दुकानं काढली. क्लार्क्सडेलला हायवे ६१ आणि ४९ मिळतात तिथे एब्ज बार्बेक्यू आहे, ते १९२४ साली एब्राहम डेव्हिस या लेबनॉनहून आलेल्या माणसाने सुरू केलं, आणि त्या गावात आजही किब्बे (खिमा आणि दलियाचा पदार्थ) हा गावचाच पदार्थ समजतात. आमच्या टल्सात तर लेबनीज लोकांची जुनी स्टेकहाउस आहेत, तिथे स्टेक यायच्या आधी टेबलावर हमस (छोल्यांची चटणी), तबुले, कोबीचे रोल आणि त्यांच्याच शेजारी स्मोक केलेल्या रिब्ज आणि बलोनी (एक प्रकारचं सॉसेज) येते. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा ते तबुले पाहून म्हणाले ही तर आपली कोशिंबीरच. तुझ्या ट्रकवरच्या आजींच्या मागे असे शंभर-सव्वाशे वर्षांचे हात आहेत.

खानदेशी :
आई जळगावची आहे आणि तू विचारतोस काय करू? अरे भरीत! आपल्याकडे ती हिरवी-पांढरी मोठी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराची चवच तर भरताची खरी चव असते, गॅसवरच्या वांग्याला ती येत नाही. तीच वांगी (तिकडे जांभळी मोठी मिळतील) आधी फायरबॉक्समधल्या निखाऱ्यांवर साल काळी होईपर्यंत फिरव, मग अर्धा तास धुरात ठेव, चाळणीत पाणी निथळू दे. अर्ध्याचं ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबू, लसूण घालून मुतब्बल कर आणि अर्ध्याचं हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे घालून भरीत. दोन्ही एकाच ताटात वाढ. आणि ती पातळ रोटी, मरकूक म्हणतात तिला, ती उपड्या घुमटासारख्या तव्यावर करतात, आपले मांडे खापरावर टाकतात तसंच. आईला नक्की ट्रकवर घेऊन जा, ती रोटी बघून तिला काय वाटतं ते इथे लिही.

निखारा :
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल पिटवाला म्हणाले तसंच केलं, फक्त मीठ-मिरी, २८५ ला दोन तासांच्या आतच १६५ आलं, कातडी दातांखाली कुरकुरली आणि बटरमध्ये फुलवलेला मसाला लावल्यावर ओळखीचा वास आला, त्या ट्रकच्या खिडकीतून येतो तो. तूम तिसऱ्यांदाही फुटलं, पण बटाट्याने वाचलं. वांग्याची चव घेतल्यावर बायको म्हणाली हे आईंना आधी दे, चिकन मागाहून. आता एकच राहिलं, तूम किती दिवस टिकतं? भरपूर उरलंय.

टल्साची_सून :
घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्येच ठेव आणि चार दिवसांत संपव. बाहेर मात्र ठेवू नकोस, तेलातली कच्ची लसूण बाहेर राहिली तर त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढायची भीती असते. पार्टीतही लहान वाटीत थोडं थोडं काढ, बरणी आतच ठेव. आणि पहिला दिवस जाऊ दे, दुसऱ्या दिवशी लसणीचा झणका उतरतो, आई-बाबांना तेच जास्त आवडेल.